यंत्राचे रूपक आणि रुग्णाचा शब्द

सतराव्या शतकातील युरोपीय विचाराची चर्चा करताना आपण ‘बुद्धी विरुद्ध श्रद्धा’ असे एक सोयीचे द्वंद्व उभे करतो. एका बाजूला देकार्त आणि त्याचे यंत्रवादी वैद्यक, दुसऱ्या बाजूला धर्मपीठ. पहिल्याचा जय म्हणजे प्रबोधनाची पहाट, अशी ही मांडणी. तिच्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मूळ संहितांशी ती ताडून पाहिली म्हणजे वादाची रेषा वेगळ्याच ठिकाणी असल्याचे जाणवते. ‘शरीर हे यंत्र आहे’ आणि ‘शरीर हे यंत्र आहे असे समजा’ या दोन विधानांत जे अंतर आहे, त्या अंतरातच या वादाचे मूळ आहे. वाद वैद्यक आणि धर्मशास्त्र यांचा असला, तरी त्याचा गाभा रूपकाचा आहे. रूपक वापरणाऱ्याला ते रूपक असल्याचा विसर पडणे ही केवळ तर्कातील चूक, की तीत काही नैतिक दोषही आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

मराठीतून हा विचार करताना दोन शब्दांविषयी सावध राहिले पाहिजे. पहिला ‘यंत्र’. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्राणिमात्र जणू यंत्रावर आरूढ असल्याची प्रतिमा येते. पण तेथे फिरविणारा ईश्वर हृदयात बसलेला असतो. ‘कळसूत्री बाहुली’ म्हटले की आपल्याला आधी सूत्रधार आठवतो. देकार्तच्या यंत्राचा रोख नेमका उलट आहे: एकदा रचना सिद्ध झाली की प्रत्येक हालचालीसाठी आतून हलविणारा कोणी लागत नाही, हे त्याला दाखवायचे आहे. दुसरा शब्द ‘आत्मा’. वेदान्तातील अकर्ता, साक्षी आत्मा येथे अभिप्रेत नाही. विचार करणारे, संशय घेणारे, इच्छा करणारे जे काही माणसात आहे, तेवढ्यापुरताच हा शब्द येथे योजला आहे.

१

‘विश्व’ आणि ‘मानव’ हे देकार्तचे लेखन १६३३ साली प्रकाशनाच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी रोममध्ये गॅलिलिओला दोषी ठरविण्यात आले आणि देकार्तने ते लेखन मागे ठेवले. ‘मानव’ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ मध्ये लॅटिनमध्ये आणि १६६४ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची निवेदनपद्धती साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. मी माणसाचे वर्णन करतो, असे देकार्त म्हणत नाही. ईश्वराने मातीचे काही पुतळे आपल्याशी होईल तितके सदृश घडविले आहेत अशी कल्पना करा, असे तो सुचवितो आणि पुढे त्या पुतळ्यांचेच शरीरशास्त्र सांगतो. राजोद्यानांतील कारंज्यांत पाण्याच्या दाबाने हलणाऱ्या मूर्ती असत. त्यांचा दृष्टान्त घेऊन तो मज्जातंतूंना नळ्या ठरवितो, त्यांतून वाहणाऱ्या सूक्ष्म द्रवाला पाणी, आणि विवेकी आत्म्याला पाण्याच्या हौदापाशी बसलेला कारंजेवाला. पचन, श्वास, नाडी, निद्रा, स्मृतीदेखील, हे सारे घड्याळाच्या चाकांप्रमाणे केवळ अवयवांच्या रचनेतून निष्पन्न होते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या ‘समजा’ची कार्ये दोन. हे वर्णन कल्पित पुतळ्यांचे असल्यामुळे ईश्वरनिर्मित प्रत्यक्ष माणसाविषयीच्या धर्मवचनाला ते बाध आणत नाही; आणि त्याच कारणामुळे लेखकाला शरीराचा कानाकोपरा यांत्रिक भाषेत मांडण्याची मुभा मिळते. कल्पितकथेच्या आडोशाने येथे एक तह झाला आहे: आत्मा श्रद्धेकडे, शरीर बुद्धीकडे.

हा तह फलदायी होता. मात्र रूपक फलदायी असणे आणि विधान खरे असणे या दोन गोष्टी भिन्न होत. हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. तो अ‍ॅरिस्टॉटलला मानणारा. हृदयाची तुलना तो सूर्याशी आणि राजाशी करतो. देकार्तने १६३७ च्या ‘पद्धतीविषयीचे विवेचन’ या ग्रंथात अभिसरण मान्य केले, पण हृदयाच्या स्नायूचे आकुंचन नाकारून, हृदयातील उष्णतेने रक्त प्रसरण पावते असे स्पष्टीकरण दिले. येथे चूक यंत्रवाद्याची होती आणि जुन्या प्रतिमांत बोलणारा हार्वे बरोबर होता. यंत्राचे रूपक शोधाला चालना देते; शोधाची हमी देत नाही.

२

हा तह प्रथम मोडला तो उत्रेख्तच्या विद्यापीठात. १६३६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात रेगियस हा १६३८ पासून वैद्यकाचा प्राध्यापक होता आणि देकार्तचा उत्साही अनुयायी. डिसेंबर १६४१ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली जे प्रबंध चर्चेला आले, त्यांत आत्मा आणि शरीर यांच्या संयोगातून होणारा माणूस हा स्वयंसिद्ध एकत्व नसून आगंतुक, म्हणजे दोन परिपूर्ण वस्तू एकत्र आल्याने झालेली जुळणी आहे, असे विधान होते. धर्मशास्त्राचा प्राध्यापक आणि त्या वेळचा कुलप्रमुख व्होएतियस याने त्यावर हल्ला चढविला. मार्च १६४२ मध्ये विद्यापीठाने नव्या तत्त्वज्ञानाचा निषेध केला आणि रेगियसला वैद्यकाच्या मर्यादेत राहण्याचे बंधन आले.

इतिहासकथनात व्होएतियस बहुधा प्रतिगामी म्हणून येतो. त्याची वादपद्धती कठोर होती, हे खरेच. परंतु त्याचा आक्षेप नीट वाचला तर त्यात एक मर्मभेद आढळतो. प्रत्येक वस्तूला तिचे स्वत्व देणारे आंतरिक रूप असते, ही जुनी कल्पना टाकून दिली, तर माणूस हा एक का, याचे उत्तर काय देणार? देह आणि आत्मा केवळ शेजारी असतील, तर ‘मला दुखते’ या वाक्यातील ‘मी’ कोण? व्होएतियसला चिंता श्रद्धेची होती. पण त्याने बोट ठेवलेली जागा श्रद्धावानाइतकीच रुग्णाचीही होती.

देकार्तला हे कळले होते. जानेवारी १६४२ मध्ये त्याने रेगियसला सल्ला दिला की, माणूस हे खरे एकत्व आहे आणि आत्मा शरीराशी वास्तव रीतीने एकरूप आहे, असे जाहीर करावे. म्हणजे गुरू ‘समजा’ सांभाळीत होता; शिष्याने ते ओलांडले होते. पुढे रेगियसने आणखी एक पाऊल टाकले: निव्वळ बुद्धीने पाहिले तर आत्मा हा शरीराचाच एक प्रकार असू शकेल, तो स्वतंत्र आहे, हे आपल्याला धर्मग्रंथामुळे कळते. देकार्तने १६४८ च्या प्रारंभी याचे जाहीर खंडन केले. वरवर पाहता रेगियसची भूमिका श्रद्धेला अधिक अनुकूल आहे. निर्णय तो धर्मग्रंथावर सोपवितो. पण ज्या गोष्टीसाठी बुद्धीजवळ एकही कारण उरत नाही, ती केवळ आज्ञेवर टिकते. आणि आज्ञेचा दाब सैल झाला की तीही सैल होते. देकार्तचा संताप त्यामुळे अनाकलनीय वाटत नाही.

३

या वादातील सर्वांत गंभीर प्रश्न मात्र विद्यापीठाबाहेरून आला. राज्य गमावून हेगमध्ये निर्वासित झालेल्या घराण्यातील राजकन्या एलिझाबेथ हिने मे १६४३ मध्ये देकार्तला पत्र लिहून विचारले: ज्या आत्म्याला विस्तार नाही, तो शरीराला हलवितो कसा? देकार्तची उत्तरे तिला पुरेशी वाटली नाहीत. अखेर, आत्मा आणि शरीर यांचे एकत्व तर्काने नव्हे, तर नित्याच्या जगण्यातून आणि संभाषणातून कळते, असे त्याला लिहावे लागले. ही कबुली मोलाची आहे. यंत्राची भाषा जेथे थांबते, तेथे तो साध्या बोलण्याकडे वळतो.

१६४५ मध्ये एलिझाबेथ रेंगाळणारा ज्वर आणि कोरडा खोकला यांनी आजारी होती. अशा ज्वराचे नेहमीचे कारण खिन्नता असते, असे देकार्तने लिहिले आणि मनाला दुःखद विचारांपासून सोडवून वृक्षांची हिरवाई, फुलांचे रंग, पक्ष्याचे उडणे अशा गोष्टींकडे पाहण्याचा सल्ला दिला. त्यासाठी त्याने स्वतःचे उदाहरण सांगितले: आपली आई आपल्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत खेदातून उद्भवलेल्या फुप्फुसाच्या विकाराने गेली, तिच्याकडून आपल्याला कोरडा खोकला मिळाला, वैद्यांनी आपल्या अल्पायुष्याचे भाकीत केले होते, पण गोष्टींची अनुकूल बाजू पाहण्याच्या वृत्तीने आपण बरे झालो. वस्तुतः त्याची आई तो वर्षाचा झाल्यानंतर, दुसऱ्या एका प्रसूतीनंतर वारली. देकार्तला खरे ठाऊक होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. लक्षणीय हे की, शरीराला घड्याळ म्हणणारा विचारवंत रुग्णाच्या उशाशी बसला तेव्हा त्याने घड्याळ उघडून दाखविले नाही; गोष्ट सांगितली.

एलिझाबेथने ती गोष्ट आदराने ऐकली, पण जशीच्या तशी स्वीकारली नाही. ऑगस्ट १६४५ मध्ये तिने लिहिले की, काही व्याधी विचार करण्याची शक्तीच हिरावून नेतात. मग विवेकातून मिळणारे समाधान अशा माणसाने कोठून आणावे? हा आक्षेप तत्त्वज्ञाचा आहेच. तो रुग्णाची साक्षही आहे. विवेकाने खेद जिंकता येतो आणि खेद जिंकला की ज्वर उतरतो, असे एकदा म्हटले, की ज्वर न उतरणे हा रुग्णाच्या विवेकाचा पराभव ठरतो. देकार्तने सप्टेंबरमधील उत्तरात आपले म्हणणे मर्यादित केले: आपण बोललो ते विवेकाचा मुक्त वापर करू शकणाऱ्यांपुरतेच खरे मानावे. १६४९ चा ‘आत्म्याचे विकार’ हा ग्रंथ या पत्रव्यवहाराला फार देणे लागतो.

४

येथे यंत्रवादाच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. व्याधी ही पापाची शिक्षा किंवा सैतानाची बाधा मानली जात असलेल्या जगात ‘यंत्र बिघडते, पाप करीत नाही’ हा विचार मोठा दिलासा होता. त्याने रुग्णाच्या माथ्यावरचा अपराध उतरविला. परंतु एलिझाबेथच्या प्रसंगात दिसते ते असे की, यंत्राशेजारी सार्वभौम विवेक बसविला की तोच अपराध मागच्या दाराने परत येतो. कारंजे बिघडले तर कारंजेवाल्याला जाब विचारला जाणारच. बुद्धी आणि श्रद्धा यांच्या तहाची सीमारेषा शेवटी रुग्णाच्या अंगावरून जाते.

नील्स स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १६६५ मध्ये पॅरिस येथे मेंदूच्या रचनेविषयी दिलेल्या आणि १६६९ मध्ये छापलेल्या व्याख्यानात ही गोष्ट नेमकी ओळखली होती. मेंदूतील पायनियल ग्रंथीविषयी देकार्तने सांगितलेले विच्छेदनात टिकत नाही, हे त्याने दाखविले. पण देकार्तने यंत्राचे वर्णन करीत असल्याचे स्वतःच सांगितले होते, दोष ते वर्णन माणसाचे म्हणून घेणाऱ्यांचा आहे, असा भेदही केला. स्टेनो पुढे कॅथलिक झाला आणि बिशपही. श्रद्धेने त्याच्या हातातील सुरी बोथट केली नव्हती. मूळ संहितेतील ‘समजा’ त्याने अनुयायांपेक्षा अधिक निष्ठेने वाचले होते.

उलट, ला मेत्रीने १७४७ च्या अखेरीस लायडनमध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या ‘मानव-यंत्र’ या पुस्तकात असे म्हटले की, देकार्तचे आत्मा-शरीर-द्वैत ही केवळ शैलीची चतुराई. धर्मशास्त्र्यांच्या गळी विष उतरविण्याची युक्ती. हे समीक्षेच्या इतिहासातील एक धाडसी वाचन आहे. पण त्यात ‘समजा’ला केवळ बुरखा मानले गेले, बुरखा काढला की खरा चेहरा उरेल, असा विश्वास त्यामागे होता. रूपक हा बुरखा नसून ती पाहण्याची अट असते. ती अट काढून टाकली की उरते ते सत्य नव्हे, तर आपले रूपकत्व विसरलेले रूपक.

म्हणूनच प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर, निदान वैद्यकाच्या संदर्भात, होकारार्थी द्यावे लागते. ‘समजा’ हा शब्द लेखकाच्या भीतीतून आला असेल. पण ग्रंथात त्याचे काम भीतीपुरते राहिले नाही. वैद्याला वाटते त्याहून अधिक काही रुग्णाला ठाऊक असू शकते, याची ती जागा होती. ती बुजविली की रुग्णाचे बोलणे साक्ष राहत नाही, केवळ लक्षण होते; आणि ज्याचे बोलणे लक्षण मानले जाते, त्याच्याशी वाद घालण्याची कोणाला गरज वाटत नाही. देकार्तने एलिझाबेथशी वाद घातला आणि आपले विधान मागे घेतले. त्याच्या शरीरशास्त्रातील बहुतेक सिद्धान्त आज कोणी मानीत नाही. हे मागे घेणे मात्र अजून शिकण्यासारखे आहे.