झाकलेले पेडल

घरी आलेल्या पाहुण्यांना माझ्या कपाटातल्या मोटारी दाखविण्याची मला खोड आहे. मोटारी एकूण एकतीस आहेत आणि त्यांतली एकही वीतभर लांब नाही. पाहुणे कौतुक करतात, भिंगातून पाहतात आणि निघताना हळूच विचारतात, "मुलांसाठी का हो?" "छे, माझ्याचसाठी," असे मी म्हटले की ते मोठ्या सहानुभूतीने माझ्या पत्नीकडे पाहतात.

हे वेड लावले माझ्या मामाने. तो बोटीवर नोकरीला होता. मी बारा वर्षांचा असताना त्याने जपानहून एक खोके आणले. झाकणावर लाल मोटारीचे झोकदार चित्र होते. घाईघाईने उघडून पाहतो तो आत मोटार नव्हतीच! प्लॅस्टिकच्या चौकटींना घोसातल्या द्राक्षांसारखे लगडलेले शंभरेक तुकडे, रबराच्या चार धावा आणि एक घडीचा कागद. "मामा, मोटार कुठे आहे?" मी रडकुंडीला येऊन विचारले. मामा म्हणाला, "ती तुला करायची आहे."

त्या दिवसापासून आजतागायत मी ती करतोच आहे. प्रत्येक तुकडा चौकटीपासून कापायचा, कानशीने घासायचा, रंगवायचा आणि चिमट्यात धरून जागेवर चिकटवायचा. प्रमाण बहुधा एकास चोवीस. म्हणजे चार मीटर लांबीची खरी मोटार सुमारे सतरा सेंटिमीटरांत बसते आणि सात सेंटिमीटरांचे पेडल तीन मिलिमीटरांवर येते. यातला गोंदही साधा नसतो. तो प्लॅस्टिक किंचित वितळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. मग सांधा सुटत नाही, तुटतो.

परंतु या छंदात खरी गंमत निराळीच आहे. निम्म्याहून अधिक काम शेवटी झाकले जाते. आसने, जमिनीवरचा गालिचा, चालकाच्या पायांजवळची पेडले हे सारे आधी जीव ओतून रंगवायचे आणि मग त्यावर मोटारीचे कवच बसवायचे. काळोख्या फटीतून आत काय दिसणार? तरीही जगभरचे छांदिष्ट ते करीत आले आहेत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. प्रथम नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची छोटी प्रतिकृती करायची असे आणि पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली आणि तिच्यातून कित्येक मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. जपानात शिझुओका येथील तामिया कंपनीचे शुनसाकु तामिया यांनी १९७० च्या दशकात प्रतिकृती अचूक व्हावी म्हणून एक खरीखुरी पोर्शे मोटार विकत घेऊन सुटी करविली! अशा गोष्टी वाचल्या की मला माझ्या कुळाचा अभिमान वाटे.

हा अभिमान एके रात्री फारच वाढला. क्लचचे पेडल चिमट्यातून उडाले. मी बॅटरी घेऊन पलंगाखाली, कपाटामागे, अक्षरशः रांगत शोधले. ते सापडले नाही. पत्नी झोपेतून उठून म्हणाली, "अहो, ते कुणाला दिसणार आहे?" "मला ठाऊक असेल ना!" मी बाणेदारपणे उत्तरलो. टाकाऊ चौकटीचा तुकडा कोरून रात्री दोन वाजता मी नवे पेडल घडविले, बसविले, वर कवच चढविले आणि नेहमीप्रमाणे मोटारीच्या पोटाखाली ती पुरी झाल्याची तारीख कोरली. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी ही कथा रंगवून सांगितली. "मुलांनो, कुणी पाहत नसताना जे नीट केले जाते तेच खरे काम." मुले एकाग्रतेने ऐकत होती. मला धन्य वाटले.

पुढे तीन महिन्यांनी शाळेच्या हस्तलिखितासाठी निबंध निवडण्याकरिता मी त्याच वर्गाच्या वह्या चाळत होतो. एका वहीत 'माझे घर' हा निबंध होता. आरंभ नेहमीचा होता, शेवटही नेहमीचा. मध्ये मात्र चार ओळी होत्या. बाबा गणपतीपासून घरी आलेले नाहीत, आई म्हणते ते कामावर गेले आहेत, पण खुंटीवर त्यांचा एकही कपडा नाही. खाली तांबड्या शाईत माझा शेरा होता, 'छान!' आणि सही. तारीखही होती. ती ओळखीची वाटली म्हणून मी कपाटातली मोटार काढून उलटी केली. तीच तारीख! त्या संध्याकाळी पेडलाकडे लवकर वळता यावे म्हणून मी चाळीस वह्या अर्ध्या तासात उरकल्या होत्या.

तेव्हापासून मी स्वतःशी वाद घालतो आहे. कुणी न पाहता नीट केलेले काम थोर, हे मी अजूनही मानतो. पण त्या रात्री खरेच कुणी पाहत नव्हते का? मी पाहत होतो, आणि माझ्यावर भलताच खूष होतो. पेडलाला काही नको होते. चांगले झाले की नाही ते ठरविणाराही मीच होतो. वहीतल्या त्या चार ओळीही झाकलेल्याच होत्या, परंतु त्यांच्यामागे कुणीतरी वाट पाहत होते. आवडीच्या जागीच जागा राहतो त्या विवेकाला विवेक कशाला म्हणायचे? तोही एक छंदच.

मग मोटारी टाकून द्याव्यात का? तसेही मी केले नाही. तीन मिलिमीटरांकडे लक्ष देणारी नजर मला त्यांनीच दिली. ती मी वह्यांकडे वळविली नाही, हा दोष मोटारींचा नव्हे. पत्नी तर म्हणते, "मोटारी नसत्या तर तुम्ही आणखी कशात रमला असता."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला मधल्या सुटीत बोलावले. "तुझा 'माझे घर' मी काल वाचला," मी म्हणालो. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "तो जुना झाला, सर."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही पायरीवर बसलो. घंटा होईपर्यंत तो थोडे थोडे बोलला आणि मी ऐकले. एवढेच.

ती मोटार अजून कपाटात आहे. तिचे पेडल आत जागच्या जागी आहे. ते मी कुणाला सांगत नाही. या दिवाळीच्या सुटीत टेबलावर एक नवे खोके येऊन पडले आहे आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठाही. गठ्ठा मी खोक्याच्या वर ठेवला आहे.