प्रकाश कोणाचा?

कपिलधार येथे पावसाळ्यात गेले असता धबधब्याचा घोष दुरूनच कानी येतो. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव भाविकांना पूज्य असलेल्या या क्षेत्राहून परतताना बीड जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या आमच्या दृष्टीस पडल्या. बरोबरच्या एका तरुणाने विचारले, "फादर, वारा आमच्या डोंगराचा, मग अंधारही आमच्याच वाडीत का?" आम्ही विजेच्या तारांविषयी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न तारांचा नव्हता, न्यायाचा होता.

त्याचा विचार करताना आम्हांस नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव आठवते. सातपुड्यातील या आदिवासी गावी सरकारी वीज पोहोचली नव्हती. गावकऱ्यांनी श्रमदान केले, नर्मदा बचाओ आंदोलनाने व केरळातील तरुण अभियंत्यांनी साथ दिली आणि २००३ साली गावाचे स्वतःचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. धबधब्याचे पाणी पाटाने टाकीत आणावयाचे व नळातून खाली सोडून चक्र फिरवावयाचे, एवढीच त्याची रचना. क्षमता अवघी १५ किलोवॅट. त्यासाठी ना डिझेल जाळावे लागले, ना कोणाचे घर उठवावे लागले.

२००६ च्या मार्चमध्ये सरदार सरोवराची भिंत १२१.९२ मीटरपर्यंत चढविण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षी धरणाच्या फुगवट्यासह आलेल्या पुरात बिलगावचे केंद्र नष्ट झाले. धरणाच्या वीजगृहांची क्षमता १,४५० मेगावॅट असून त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. म्हणजे लाभार्थींत आपणही आलो.

कोणी म्हणेल, लाखोंच्या हितापुढे पंधरा किलोवॅटची काय मातब्बरी? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. रुग्णालये व कारखाने गावच्या ओढ्यावर चालत नाहीत, आणि आदिवासींनाही मिणमिणता नव्हे, भरवशाचा प्रकाश हवा आहे. परंतु अनेकांचे हित साधले म्हणून ज्यांचे गेले त्यांचे ऋण फिटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्थानिक सहकारातून ऊर्जेचे स्वावलंबन साधणाऱ्यांची प्रशंसा केली आहे. आदिवासींच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा संवादात त्यांनाच प्रमुख स्थान असावे, असेही त्यांनी बजावले आहे. त्यांना केवळ लाभार्थी मानणे पुरेसे नाही.

येथे आम्हांस आमचाही दोष कबूल केला पाहिजे. एका नाताळात आम्ही एका पाड्यावर सौरकंदील वाटले. छायाचित्रे निघाली, टाळ्या झाल्या. दोन पावसाळ्यांनंतर पाहतो तो कंदील आढ्याला टांगलेले, विझलेले. बॅटरी कोठे मिळते, ती बदलायची कशी, हे आम्ही कोणाला शिकविले नव्हते. मुळात त्यांना काय हवे, हेच विचारले नव्हते. एका आजीबाईंनी तो कंदील आमच्यापुढे धरून म्हटले, "तुमचा दिवा बंद पडलाय." 'तुमचा' हा शब्द आम्हांस लागला. बिलगावच्या लोकांनी आपल्या केंद्राविषयी तसे म्हटले नसते, कारण त्याचे दगड त्यांनीच वाहिले होते.

दान देणाऱ्या हातांना विचारण्याची सवय नसते. ती लावून घेणे हीही एक तपश्चर्याच आहे. येत्या उपवासकाळात आपल्या धर्मग्रामात एखाद्या वाडीसाठी निधी गोळा होईल, तेव्हा धनादेश लिहिण्यापूर्वी आपण त्या वाडीत जाऊन बसावे. तेथे आधी ऐकावे, मग बोलावे. त्या तरुणालाही आम्ही बरोबर नेणार आहोत.