भिंतीवरचं नाव

एप्रिलचा रविवार, दुपारचा एक. भाच्याला लेणी दाखवायला मानमोडीच्या डोंगरावर चढलो होतो. खाली जुन्नर शहर, पलीकडे शिवनेरी आणि बाटलीत उरलेले दोन घोट पाणी. एका लेण्यात सावलीला टेकलो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे तुझंच नाव ना?"

माझंच होतं. आडनावासकट. नववीत असताना मित्रांबरोबर इथे आलो होतो, तेव्हा कर्कटकानं कोरलेलं.

"असं चालतं?"

नाही चालत. संरक्षित स्मारक खराब केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. मी ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "पण लेण्यांत तर सगळीकडे नावं कोरलीयत. ती जुनी आहेत म्हणून चालतात का?"

प्रश्न खरा होता. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले कितीतरी लेख आहेत आणि त्यांत बरीचशी नावंच आहेत. त्यातले तिघं तर स्वतःला यवन म्हणवतात. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून व्यापार चालायचा, त्या काळातली ही माणसं. त्यांचं किंवा त्यांच्या पूर्वजांचं घर दूर पश्चिमेला, आणि ऊन मात्र आमच्याच जुन्नरचं. चिट नावाच्या यवनानं भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला. चंदानं लेण्याची दर्शनी बाजू दिली. इरिलानं पाण्याची दोन टाकी दिली.

आपलं नाव राहावं असं त्यांनाही वाटलंच असणार, नाहीतर दगडात कशाला कोरलं असतं? दानाचं पुण्यही हवं होतं. त्यामुळे इरिला निरिच्छ आणि मी तेवढा हावरा, अशी वाटणी करता येत नाही. वयाचाही मुद्दा टिकत नाही. माझं नावही कधीतरी दोन हजार वर्षांचं होईल.

मग फरक कशात? त्यांच्या लेखात कोणी दिलं आणि काय दिलं, दोन्ही आहे. माझ्या लेखात फक्त 'कोणी' आहे.

पण दिलं म्हणजे नाव लावायचा हक्क मिळाला, असंही नाही. आपल्याकडे बसथांब्यावर बाकापेक्षा 'सौजन्य' मोठं असतं. मला एकच कसोटी पटते: नाव पुसून टाकलं तर मागे काय उरतं? इरिलाचं नाव झिजून गेलं असतं, तरी पावसाळ्यात त्याची टाकी भरलीच असती आणि तहानलेल्या भिक्षूनं कोणाचं टाकं हे न विचारता पाणी प्यायलं असतं. माझं नाव पुसलं तर उरेल ती फक्त भिंत, आणि ती आधीपेक्षा बरी दिसेल.

"मग पुसून टाक ना," भाचा म्हणाला.

मी बोट फिरवून पाहिलं. अक्षरं खोल गेलीत. ती काढायची तर भिंत आणखी खरवडावी लागेल. म्हणजे पाच मिनिटांत केलेली चूक मला जन्मभर दुरुस्त करता येणार नाही.

"फोटो काढ," मी म्हटलं. "मित्रांना दाखव. कोणाचं नाव आहे तेही सांग."

त्यानं काढला. उरलेले दोन घोट आम्ही वाटून प्यायलो आणि उतरायला लागलो.