चाड

आज गीतेचा पहिला अध्याय, बत्तिसावा श्लोक. अर्जुन जे म्हणतो ते आपल्या भाषेत एवढंच: कृष्णा, मला विजय नको, राज्य नको, सुखंही नकोत. हे सगळं मिळवून, आणि जगून तरी काय करायचं?

हा श्लोक सुटा काढून कुणी सांगितला तर ऐकणारा हात जोडेल. काय वैराग्य! राज्यावर पाणी सोडतोय माणूस. पण या अध्यायाला आपल्याकडे अर्जुनविषादयोग म्हणतात, वैराग्ययोग नाही. ज्यांनी नाव दिलं त्यांनी माणूस बरोबर ओळखला होता.

मराठीत या जागी बसणारा एक जुना शब्द आहे. चाड. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तेव्हापासून पुढे तुकोबांपर्यंत संतांच्या बोलण्यात चाड म्हणजे साधी इच्छा, ओढ, मनाचा कल. आज आपण कुणाला ‘चहाची चाड आहे का’ असं विचारत नाही. विचारून बघा, समोरचा डोक्यावर हात लावून ताप बघेल! आता चाड उरलीय ती अब्रूची, लाजेची, न्यायाची, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा ‘नाही’ला जोडून. म्हणजे ‘हवंसं वाटणं’ इथून निघालेला शब्द ‘पर्वा असणं’ इथं येऊन थांबला.

गंमत अशी की ‘मला कशाचीच चाड नाही’ या एका वाक्यात दोन्ही अर्थ मावतात. साधू म्हणतो तेव्हा अर्थ होतो, मला काही नको. खचलेला माणूस म्हणतो तेव्हा अर्थ होतो, मला कशाचं काहीच वाटत नाही. शब्द तेच, आणि ऐकणाऱ्याला फरक कळेलच असं नाही.

असाच एक शब्द इंग्रजीत सापडला. आम्ही प्रोग्रॅमर लोक दिवसभर ‘लिस्ट’ लिहितो, ती यादी. पण त्याच अक्षरांचं एक जुनं क्रियापद आहे, लिस्ट म्हणजे मनाला येणं, आवडणं. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलात, योहानाच्या तिसऱ्या अध्यायात, वारा आपल्या मर्जीनं वाहतो असं सांगताना हेच क्रियापद वापरलंय. ‘लस्ट’ हा शब्द त्याचा भाऊबंद. तोही एके काळी कुठल्याही आवडीला, आनंदाला चालायचा, नंतर आपल्या ‘वासना’ शब्दासारखा एकाच अर्थात अडकून बदनाम झाला. लिस्ट तर बोलण्यातून गेलाच. राहिला फक्त ‘लिस्टलेस’. म्हणजे मरगळलेला, कशातच मन नसलेला. डॉक्टर पेशंटबद्दल बोलताना वापरतात तो शब्द. ओढ नसणं म्हणजे मुक्ती नव्हे, दुखणंही असू शकतं, हे त्या भाषेनं शब्दातच नोंदवून ठेवलंय.

मला हे आत्ता का सुचतंय ते सांगतो. आई कार्तिकात गेली. त्यानंतर मी पुण्याहून बिद्रीला येऊन घरूनच काम करतोय. ऊसतोडीची टोळी आली, फडातला ऊस कारखान्याला गेला, बिल खात्यावर जमा झालं, पण आप्पांनी ना फडाकडं बघितलं ना पासबुकाकडं. ताटात येईल ते जेवतात. मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत, आणि हे आप्पा आईशी आमटीच्या तिखटावरून भांडायचे! विचारलं की एकच उत्तर, “मला आता कशाचीच चाड न्हाई बघ.”

भजनी मंडळातले लोक येतात, बसतात. एकजण परवा अगदी मनापासून म्हणाले, “आप्पा, तुमी संसारातनं सुटलासा बघा.” माणूस भला आहे, त्यांना नाव ठेवत नाही. पण तेव्हापासून हा श्लोक डोक्यातून जात नाही. कारण नेमकं हेच कौतुक कृष्णाला अर्जुनाचं करता आलं असतं. गडी धनुष्य टाकून रथात बसलाय, राज्य नको म्हणतोय. सुटलास बाबा, असं म्हणून रथ माघारी वळवता आला असता. कृष्णानं तसं केलं नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो त्याला मनाचा दुबळेपणा म्हणतो, ऊठ म्हणतो. आपल्याला ते कठोर वाटतं. मला आता त्यात माया दिसते. दुःखाला वैराग्याची शाल पांघरून त्याला तिथंच बसवून ठेवणं हे जास्त निर्दय झालं असतं.

पुढं अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार येतात. वाट्याला आलेलं काम मोहानं टाकलं तर तो तामस त्याग. त्रास होईल म्हणून टाकलं तर राजस. आणि काम करत राहून त्यातली आसक्ती आणि फळ टाकलं तर सात्त्विक. म्हणजे ‘सोडलं’ एवढं पुरेसं नाही, काय सोडलं ते बघायचं. आणि शेवटी अर्जुन काय म्हणतो तेही बघा. आता मला राज्य हवंय, असं तो म्हणत नाही. मोह गेला, आठवण परत आली, तू सांगशील ते करीन, एवढंच म्हणतो. राज्याची चाड शेवटपर्यंत परत आलेलीच नाही. परत आली ती कामाची. माझ्या मते सातशे श्लोकांचा प्रवास या दोन चाडींच्या मधला आहे. पहिली सुटली तर सुटू दे, दुसरी सुटली की माणूस बसला.

तुकोबांचं उदाहरण आपल्या जवळचं. दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. जगण्यातला रस जावा असंच ते सगळं. त्यानंतर त्यांनी काय केलं ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. गावातलं देवाचं देऊळ मोडलं होतं, ते नीट करायचं मनात आलं. कीर्तन नंतर, संतांची वचनं पाठ करणं नंतर. आधी दगड-माती. याचा उलगडा मी करत नाही, फक्त क्रम लक्षात ठेवलाय.

आमच्या भागात मे महिन्याच्या अखेरीला, रोहिणीच्या तोंडावर, भाताची धूळवाफ पेरणी करतात. कोरड्या मातीत कुरी चालते. कुरीच्या वर लाकडी वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. त्यात बी सोडलं की नळ्यांतून फणामागं तासात पडतं. चाडं आणि चाड यांचं नातं लावायला मी जात नाही. पण आमच्याकडं आप्पा बैल हाकायचे आणि चाड्यावर मूठ आईची. मूठ घट्ट धरली तर तास रिकामं जातं, भसकन सोडली तर बी एकाच जागी पडतं. सगळं ध्यान मुठीत, आणि मूठ सतत सुटती.

काल मी आप्पांना विचारलं, यंदा धूळवाफ करायची का. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेराय तर पायजे.” आवाजात उत्साह वगैरे काही नव्हता. रात्री ताटात येईल ते जेवले, मीठ कमी होतं, काही बोलले नाहीत. सकाळी मात्र माळ्यावरून चाडं खाली घ्यायला सांगितलं.

“मूठ कोण धरणार?” मी विचारलं.

“तूच धर की. त्यो लॅपटॉप ठेव तवर बाजूला. पयल्या दोन वळी वाकड्या जातील, जाऊ देत.”

राम कृष्ण हरी.