बॅटरीवरचा राम

टीव्हीतल्या रामाला हात जोडणाऱ्यांना शहरातले लोक हसले. खेड्यातल्या माणसाला टीव्ही म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून तो अरुण गोविल या नटाला राम समजतो, असा त्यांचा हिशोब. मी तेव्हा करमाळ्यात बॅटरी चार्जिंगचं दुकान चालवत होतो. रविवारी हात जोडणारा माणूस शनिवारी माझ्या दारात बॅटरी घेऊन उभा असायचा. त्यामुळे तो हिशोब मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

रामानंद सागरांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी जुलैअखेर संपलं. रविवारी सकाळी साडेनऊला लागायचं. गावठाणात विजेचे खांब आले होते, पण रानातल्या कितीतरी वस्त्यांवर अजून कंदीलच होता. केत्तूर, वांगी, चिखलठाण ही उजनी धरणाच्या फुगवट्याकडची गावं. तिथली माणसं धरणामुळे नव्या जागी बसून फार वर्षं झाली नव्हती. कुणीतरी बारा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणायचा, मागे बारा व्होल्टची सोय असलेला. बॅटरी बहुतेक ट्रॅक्टरची, उतरलेली. इंजिन फिरवायला शेकड्यांनी अँपिअर लागतात, ते तिच्यातून निघत नाहीत. टीव्हीला दीड-दोन पुरतात. शेतीतून निवृत्त झालेली बॅटरी अशी रामाच्या सेवेला लागायची.

सायकलच्या कॅरिअरला बांधून, एसटीच्या टपावर टाकून बॅटऱ्या यायच्या. आणणाऱ्याच्या धोतराला अ‍ॅसिडची भोकं ठरलेली. या लोकांना मी फसवू शकत नव्हतो. “ग्रॅव्हिटी किती आली? मीटर घाल बघू,” म्हणायचे. हायड्रोमीटरचा तरंगा बाराशे पन्नासला आला नाही तर पैसे द्यायला कुरकुर. कोणता सेल बसलाय, डिस्टिल्ड वॉटर कुठवर हवं, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार सोडा टाकलेल्या गरम पाण्याने कसा जातो, सगळं पाठ. बॅटरी उतरायला लागली की पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. राम लहान होत चाललाय, असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. “व्होल्टेज पडलं,” म्हणायचे, आणि हात जोडलेलेच असायचे.

शिसं, अ‍ॅसिड, वायर, काच हे सगळं हाताळून झाल्यावर जोडलेले हात अज्ञानातून आले, असं कसं म्हणायचं? शिवाय मध्येच साबणाची जाहिरात लागली की तेच हात सुटायचे, कुणी तंबाखू मळायचा, कुणी पोराला मागे ओढायचा. बॅटरी तीच, काच तीच. देव आणि पायरी एकाच दगडाची असते, एकीवर आपण पाय देतो, हे तुकोबांनी कधीच सांगून ठेवलंय, फरक भावाचा. आमच्या कमलाभवानी देवीला नवरात्रात घट बसतात. माती आपण आणतो, धान्य आपण पेरतो, दसऱ्याला घट उठतात. मधले दिवस ती माती देवी असते, आणि ती माती आहे हे घरातलं शेंबडं पोरही जाणून असतं. आणि यंत्राची पूजा करता का, असं कुणी विचारलंच तर हो, करतो. खंडेनवमीला माझ्या चार्जरला हळदकुंकू लागायचं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पण भाव म्हटलं की प्रश्न संपतो, असं लोकांना वाटतं. माझ्यासाठी तो तिथेच सुरू झाला.

वांगीकडच्या एका आजींनी मला विचारलं होतं, “बाबा, भरतभेटीच्या मधेच तुझी बॅटरी गेली, तर माझं दर्शन अर्धंच झालं का रं?” मी म्हटलं, “मावशी, पैसे नका देऊ या वेळचे.” प्रश्न तिने वेगळा विचारला होता, मी धंद्याचं उत्तर दिलं. पुढे गावातल्या एका निवृत्त संस्कृत मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, मीमांसकांना विचारशील तर देवतेला शरीरच नाही. यज्ञात जे आहे ते मंत्रातला शब्द. त्यांच्यातल्या शबरस्वामींनी तसं मांडलंय. म्हणजे चित्र गेलं तरी काही गेलं नाही. मला हे ऐकायला चांगलं वाटलं, पण आजींच्या उपयोगाचं नव्हतं. तिला रामाचं तोंड बघायचं होतं. ज्याला तोंड आहे असा देव हवा असेल, तर तो झाकला जाण्याचीही तयारी हवी. देवळातसुद्धा पडदा पडतोच की, नैवेद्याच्या वेळी.

दुसरी गाठ घातली जेऊरकडच्या एका पोराने. त्यांच्या बौद्ध वस्तीने वर्गणी काढून टीव्ही घेतला होता, बॅटरी आळीपाळीने आणायचे. एकदा मी सहज विचारलं, “तुमच्याकडे पण हात जोडतात का?” तो म्हणाला, “नाही मामा. गोष्ट आवडीने बघतो. हात नाही जोडत.” १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत राम-कृष्णांना देव मानणार नाही, अशी एक आहे, हे मला ठाऊक होतं. त्याच्या आईला टीव्ही कसा चालतो ते आजींइतकंच कळत होतं. एकीने समजून हात जोडले, दुसरीने समजून जोडले नाहीत. मग पोरगंच म्हणालं, “म्हणजे तुमचा देव तुम्हीच बसवता आणि तुम्हीच उठवता.” मी म्हटलं, “हो, घटासारखा.” “मग तो तुमच्यापेक्षा मोठा कसा?”

तेव्हा मी वायरी आवरत राहिलो. आज मला सुचतं ते एका बागायतदारामुळे. टीव्ही त्याचा, बॅटरी त्याची, चार्जिंगचे पैसे त्याचे. संध्याकाळच्या सिनेमाला तो दाराला आतून कडी घालायचा. बॅटरी उतरते, गडीमाणसांची गर्दी नको. रविवारी सकाळी मात्र टीव्ही ओट्यावर काढावा लागायचा आणि अंगण भरायचं. कोण पुढे, कोण कडेला, ते होतंच. एका मालिकेने ते जात नाही. त्याला ती गर्दी आवडायची असंही नाही, माझ्या दुकानात बसून तो तिच्याबद्दल कुरकुरायचा. मी म्हणायचो, “मग लावा की दार.” त्यावर तो चपापायचा. “रामायण लागल्यावर दार कसं लावू? काहीतरीच बोलतोस.”

देव त्यानेच बसवला होता, पैसे मोजून. पण बसवल्यावर त्या देवापुढे कसं वागायचं, हे ठरवणं त्याच्या हातात राहिलं नाही. त्या पोराला मी एवढंच दाखवू शकलो असतो. त्यावर तो म्हणाला असता, मग बाकीचे सहा दिवस दाराला कडी का? आणि ते त्याचं खरंच होतं.