हात कोठें आवरावा?

‘हात लावूं नका’ असें सांगणाऱ्याचा मनुष्यास सहसा राग येतो. तो राग नेहमींच योग्य असतो काय? एका दिवसाच्या सफरीवरून ह्या प्रश्नाचा विचार करूं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आरिझोना येथें, बेन्सन गांवाजवळच्या वैराण मुलखांत, कार्चनर नांवाची गुहा आहे. प्रवासी सकाळीं तेथील टेकड्यांतील सुमारें अडीच मैलांची पायवाट चालतात. ऊन कडक, सावली थोडी. वाटेंत निवडुंग आणि आपल्या वेड्या बाभळीच्या जातीचीं मेस्किट झाडें. जो थोडाबहुत पाऊस पडतो तो चुनखडीच्या खडकांत मुरतो. मग वाटाड्याबरोबर गुहेंत उतरावें, तों तेंच पाणी थेंबाथेंबानें ठिबकत असतें, व प्रत्येक थेंब चुन्याचा एक कण मागें ठेवितो. अशा कणांनीं हजारों वर्षांत उभारलेला एक स्तंभ ५८ फूट उंच आहे.

ही गुहा १९७४ सालीं गॅरी टेनन व रँडी टफ्ट्स ह्या दोघां तरुणांस सांपडली. तिची नासधूस होऊं नये म्हणून त्यांनीं आपल्या जिभेस लगाम घातला. १९७८ सालीं त्यांनीं जमिनीच्या मालकांस ती कळविली. परंतु १९८८ सालीं सरकारनें ती रक्षणासाठीं घेईपर्यंत लोकांत वाच्यता झाली नाहीं. १९९९ सालीं ती सर्वांस खुली झाली. आंतील ओल टिकावी म्हणून दारामागें दार बसविलें आहे. हाताच्या तेलकटपणानें दगडाची वाढ खुंटते. म्हणून चुकून कोणाचा स्पर्श झाला, तर त्या जागीं खूण करून ती मागाहून धुतात. उन्हाळ्यांत वटवाघळांच्या माद्या जेथें पिलें वाढवितात, तें मोठें दालन माणसांस बंद असतें.

‘हात लावूं नका’ हे शब्द आमच्या देशांतील पुष्कळांच्या जिव्हारीं लागलेले आहेत. पाणवठ्यावर हेच शब्द माणसांनीं माणसांस ऐकविले. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें ती चाल रद्द केली. पण मनांतले व्रण कायद्यानें लवकर बुजत नाहींत. मग ह्या दोन मनाया एकच काय? आमच्या मतें मुळींच नाहींत. पाणवठ्यावरील मनाई बलवानाचा गर्व राखी, आणि तिचा भार दुर्बळानेंच वाहावयाचा असे. गुहेंतील मनाई नाजूक वस्तूस राखिते, व ती वाटाड्यासही लागू आहे. ज्यांनीं गुहा शोधिली, त्यांनीं तर पहिलें बंधन स्वतःसच घातलें.

‘माझ्या एका बोटानें काय बिघडणार?’ असें प्रत्येकास वाटतें. परंतु असें म्हणणारीं बोटें हजारों असतात. तेव्हां, वाचकहो, घरांत किंवा मंडळींत नियम करितांना प्रथम हें विचारावें, कीं ह्यानें कोणाचें रक्षण होतें? ‘आमच्या मोठेपणाचें’ असें उत्तर आलें, तर तो नियम टाकून द्यावा. ‘दुर्बळाचें’ असें आलें, तर तो आधीं आपण पाळावा आणि मग दुसऱ्यास सांगावा.