बाणाचे पीस आणि मारणाऱ्याची जबाबदारी

मज्झिमनिकायातल्या चूळमालुंक्य सुत्तात विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. आप्तांनी शल्यवैद्य आणला आहे, पण हा बाण काढू देत नाही. मारणारा कोणत्या वर्णाचा, कोणत्या गावचा, धनुष्य कोणत्या जातीचे, दोरी कशाची, हे आधी कळले पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे. या यादीत एक प्रश्न पिसांचाही येतो: बाणाला लावलेले पीस गिधाडाचे, कंकाचे, ससाण्याचे की मोराचे? ही उत्तरे मिळायच्या आत तो माणूस मरून जाईल, असे बुद्ध सांगतात. जग शाश्वत की अशाश्वत या वादात अडकलेल्या मालुंक्यपुत्त भिक्षूला दिलेले हे उत्तर आहे, आणि त्या जागी ते बिनतोड आहे. जखमी माणसाला पिसाशी काही कर्तव्य नाही.

हाच प्रश्न धनुष्य हाती घेतलेल्या माणसाने बाण सुटण्याआधी विचारला, तर मात्र त्याचे मोल पालटते. सावज क्षणात कोसळणार की पोटात फाळ घेऊन रात्रभर झुडपात तडफडणार, हे बऱ्याच अंशी बाण किती सरळ गेला यावर अवलंबून असते, आणि बाण सरळ जाणे पिसांवर. म्हणून धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यासाठी पिसांची निवड ही कारागिरीइतकीच नीतीची बाब आहे. शिकार करावी की नाही, याचा निकाल त्या निवडीने लागत नाही. पण शिकार करायचीच असे ज्याने ठरवले आहे, त्याची जबाबदारी किती खोल जाते हे तिच्यातून दिसते.

बाण सुटला की धनुर्धराचा त्याच्यावरचा ताबा संपतो. पुढच्या वाटेवर बाणाला वळण लावायचे काम पिसांचे. बाणाचा जडपणा पुढे, फाळाकडे असतो. पिसांमुळे हवेचा रोध मागच्या टोकाला वाढतो. शेपूट जरा बाजूला सरली की हवा पिसांवर आदळते आणि तिला पुन्हा रांगेत आणते. दोरी सुटताना दांडी मासोळीसारखी वळवळत धनुष्याला वळसा घालून निघते. ती वळवळही पिसेच शमवतात. पिसे किंचित तिरपी बसवली किंवा त्यांना पीळ दिला, तर बाण स्वतःभोवती फिरू लागतो आणि दांडीतला किंवा फाळातला बारीकसा वाकडेपणा एकाच दिशेला साचत नाही.

शिकारीच्या बाणाची खरी अडचण त्याच्या फाळात आहे. निशाणावर मारायच्या बाणाचे टोक गोल आणि लहान असते. त्याला छोटी पिसेही पुरतात. शिकारीसाठी लावतात तो ब्रॉडहेड, म्हणजे रुंद, धारदार पात्यांचा फाळ. बाण थोडा जरी तिरका सुटला तरी ही पाती हवेत पंखांसारखी वागतात आणि बाणाला भलतीकडे ओढून नेतात. या ओढीवर मात करायची तर मागची पिसे मोठी हवीत. म्हणून पारंपरिक धनुष्याने शिकार करणारे साधारण चार ते पाच इंच लांबीची, पीळ दिलेली पिसे पसंत करतात. पीस नैसर्गिक असेल तर एका बाणावरची सगळी पिसे एकाच बाजूच्या पंखातली घ्यावी लागतात, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांची वळणे उलट असतात. जपानी क्यूदो परंपरेत तर बाणांची जोडीच अशी बनवतात की हाया आणि ओतोया हे दोन बाण एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत जातात. हाया आधी सोडायचा.

प्लास्टिकची पाती पावसाला दाद देत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. पण तेवढ्याच लांबीच्या पिसांपेक्षा ती साधारण तिप्पट जड असतात, आणि धनुष्याच्या अंगाला घासली की दबत नाहीत, बाणालाच धक्का देतात. नैसर्गिक पीस दबून निघून जाते आणि लगेच उभे राहते. म्हणून हाताला किंवा धनुष्याच्या कट्ट्याला टेकवून बाण मारणाऱ्याला पिसाशिवाय पर्याय नाही. बाणाला मोकळी वाट देणाऱ्या कंपाउंड धनुष्यावर प्लास्टिक निर्धोक चालते. पीस भिजले की मात्र आडवे पडते आणि बाणाची शेपूट मोकाट सुटते. पावसाळी जंगलात कोरड्या पिसांचा हिशेब करून निघालेला शिकारी सावजाच्या यातनेशी जुगार खेळत असतो.

मोठ्या पिसांना दुसरीही किंमत आहे, ती म्हणजे आवाज. वीस मीटरवरच्या हरणाकडे सेकंदाला ५५ मीटर वेगाने जाणाऱ्या बाणाला सुमारे ०.३६ सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र ०.०६ सेकंदात पोहोचतो. उरलेल्या ०.३ सेकंदात सावध हरीण उडी मारण्यासाठी आधी खाली दबते, आणि छातीवर धरलेला बाण पाठीत, कण्याच्या आसपास लागतो किंवा वरून निघून जातो. दोरीपाठोपाठ उंच पिसांची सरसर येत राहिली तर ते आणखी बिथरते. म्हणजे सरळ जाण्यासाठी पीस मोठे हवे आणि हरणाला न बिथरवण्यासाठी लहान. या दोहोंतला मध्य ज्याने त्याने स्वतःचे धनुष्य, स्वतःचा फाळ आणि स्वतःच्या हाताचा पल्ला पाहून काढायचा असतो, आणि तो काढताना स्वतःच्या कौशल्याविषयी खोटे बोलून चालत नाही. इथे कारागिरी सत्याच्या व्रताला येऊन मिळते.

रंगाचा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. तसा तो नाही. पांढरे किंवा फिकट पीस उडताना दिसते, त्यामुळे बाण नेमका कुठे लागला हे कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरपार गेलेला बाण उचलल्यावर त्या पिसांवर रक्त वाचता येते. लालभडक, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. सावज जवळच पडलेले असणार. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत, थांबावे लागेल. हिरवट ओल आणि दुर्गंध म्हणजे पोट फाटले. अशा वेळी कित्येक तास मागावर जायचे नसते, कारण घाबरलेले जनावर आणखी दूर जाऊन हाल होऊन मरते. काळ्या पिसांवर हे नीट दिसत नाही. फिकट पीस हरणाच्याही नजरेत भरू शकते, ही त्याची उणी बाजू. तरीही ज्याला आपल्या कृत्याचा परिणाम पाहायचा आहे, तो पांढऱ्याकडेच वळतो. बाण सोडल्यावर कर्तव्य संपले असे मानणाऱ्याला पिसाच्या रंगाचे काही वाटणार नाही.

प्राचीन ग्रंथांनी हा विषय क्षुल्लक मानलेला नाही. वासिष्ठ धनुर्वेदात कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर अशा पक्ष्यांची पिसे बाणासाठी चांगली म्हणून सांगितली आहेत, प्रत्येक बाणाला चार पिसे आणि त्यांची लांबी सहा अंगुळे असा नियमही आहे. इंग्लंडमध्ये रॉजर अ‍ॅशमने १५४५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टॉक्सोफिलस’ या ग्रंथात पिसांचा सविस्तर ऊहापोह करून हंसजातीतल्या गूस पक्ष्याच्या पिसाला कौल दिला. या दोन्ही ठिकाणी विचार मारणाऱ्याच्या सोयीचा आहे. पीस ज्याचे, त्या पक्ष्याचा विचार तिथे नाही.

तो विचार जैन आगमांनी केला, आणि तोही थक्क करणाऱ्या काटेकोरपणे. भगवतीसूत्राच्या पाचव्या शतकातल्या (खंडातल्या) सहाव्या उद्देशकात शिष्य गौतम महावीरांना विचारतात: एका माणसाने आकाशात बाण सोडला आणि वाटेतले जीव त्याने मारले, तर त्या माणसाला किती क्रिया, म्हणजे कर्म बांधणारी कृत्ये, लागतात? उत्तर येते, पाचही: कायिकी, आधिकरणिकी, प्राद्वेषिकी, पारितापनिकी आणि प्राणातिपातिकी. एवढ्यावर सूत्र थांबत नाही. ज्या जीवांच्या शरीरांपासून धनुष्य, दोरी, स्नायू, दांडी, पीस आणि फाळ बनले, त्या जीवांनाही पाच क्रिया लागतात, असे ते सांगते. पुढे तोच बाण वेग संपून स्वतःच्या भाराने खाली येताना जीव मारतो, तेव्हा माणसाची एक क्रिया कमी होते. पिसाच्या जीवाची होत नाही.

आधुनिक वाचकाला हे अन्यायाचे वाटेल. पिसाच्या पक्ष्याने काय केले? टीकाकारांनी याचा उलगडा अविरतीच्या कल्पनेने केला आहे: ज्या जीवाने हिंसेपासून निवृत्ती घेतलेली नाही, त्याचे सोडलेले शरीर हिंसेचे साधन झाले तर त्या बंधातून तो सुटत नाही. हे तत्त्व मान्य असो वा नसो, त्यामागची दृष्टी विलक्षण आहे. हत्यार हे मेलेल्या वस्तूंचे गाठोडे नसून अनेक जीवांच्या शरीरांची गुंफण आहे, हे इथे कुणालाही विसरू दिलेले नाही. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या पंचाहत्तराव्या सूक्तात बाणाने पक्ष्याचे पीस पांघरल्याचे, मृगाचा दात धरल्याचे आणि गाईच्या स्नायूंनी तो बांधल्याचे वर्णन येते. तिथे तो गौरव आहे. भगवतीसूत्राने त्याच सामग्रीचा जमाखर्च मांडला.

पिसांच्या बाजारावरही या विचाराचा प्रकाश पडतो. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या १९१८ च्या कायद्याखाली आज ससाण्यांची, तर १९४० च्या कायद्याखाली गरुडांची पिसे वापरणे सामान्य शिकाऱ्याला बंद आहे. आज बाणांना लागणारी बहुतेक पिसे मांसासाठी पाळलेल्या टर्कीची असतात. पिसासाठी वेगळा पक्षी मारला जात नाही, ही गोष्ट चांगली आहे. पण ते पीस निरपराध झाले असे म्हणणे घाईचे ठरेल. मांसाचा व्यवहार त्याच्या मागे उभाच आहे.

कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा इशी १९११ साली ओरोविलजवळ एकटा सापडला आणि १९१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत वारला. त्याचे डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून ती लिहून ठेवली. इशी पिसे हरणाच्या स्नायूच्या तंतूने बांधत असे. तंतू तोंडात धरून ओला आणि मऊ करायचा, मग दांडीभोवती घट्ट गुंडाळायचा. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे अंघोळ करून, अंगाला सुगंधी पाला चोळून, उपाशीपोटी निघे. यातला काही भाग माणसाचा वास लपवण्यासाठी आहे, हे उघड आहे. पण उपास आणि स्नान यांना केवळ युक्ती म्हणणे कोते होईल. जीव घ्यायला निघालेल्याने आधी स्वतःला आवरावे, ही समज त्यात आहे.

बौद्ध परंपरेत बाण करणारा दोन परस्परविरुद्ध जागी दिसतो. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. आणि धम्मपदात मन सरळ करणाऱ्या शहाण्याला बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातही अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये बाण करणारा आहे. तो कामात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही. एकनाथांच्या भागवतटीकेमुळे हा शरकार मराठी घरांत पोहोचला. पण एकाग्रता आणि करुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीस निर्दोष बसवणारा हात निर्दोष असतोच असे नाही.

नेमबाजीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. दशरथ शब्दवेधी होता. शरयूकाठी अंधारात घागर भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. बाण अचूक गेला आणि श्रावण मेला. बाणात दोष नव्हता, न पाहता सोडण्यात होता. शिकारीच्या विरोधकांचा आक्षेप याहूनही खोल जातो: मृत्यू वेदनारहित केला म्हणून तो देण्याचा हक्क मिळत नाही. या आक्षेपाला पिसांच्या शास्त्राकडे उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा आव त्याने आणू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणांवर धनुष्य चालवायला १९६३ पासून बंदी आहे. या समाजांनी आपला निर्णय घेतला. जिथे शिकारीला परवानगी आहे, तिथे जबाबदारीचा सगळा भार बाण सुटण्याआधीच्या वेळेवर येतो. त्या वेळात दांडी बोटांवर फिरवून पाहायची, पिसाची कड फाटली आहे का, बूड सुटले आहे का, ओल आली आहे का हे तपासायचे. पीस सदोष असेल तर हरीण समोर उभे असले तरी तो बाण भात्यात परत ठेवायचा.